राघू कोणाचा?

शाळेत मराठी किंवा हिंदी शिकलेल्या प्रत्येक माणसाने आयुष्यात एकदा तरी पोपटाचे आत्मवृत्त लिहिलेले असते. ‘मी पिंजऱ्यातील पोपट बोलतोय’ हा निबंध आपल्या वडिलांनी लिहिला, आपण लिहिला, आणि आता नातवंडे लिहीत आहेत. आमच्याकडे मध्य प्रदेशात त्याचेच नाव ‘पिंजरे में बंद तोते की आत्मकथा’. तीस वर्षांहून अधिक काळ मी ह्या आत्मकथा तपासीत आलो आहे. सुरुवात निरनिराळी असते. कोणी आंब्याच्या ढोलीतून आरंभ करतो, कोणी पारध्याच्या जाळ्यातून. शेवट मात्र ठरलेला. घरातील लहान मुलाला दया येते, तो पिंजऱ्याचे दार उघडतो, आणि राघू निळ्या आभाळात भरारी मारतो. शुद्धलेखन बरे असेल तर दहापैकी सात गुण द्यावयास हरकत नसते.

ह्या निबंधाचा शेवट खरा असतो का, असा प्रश्न इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही, आणि शिक्षकांनीही तो कधी उपस्थित केला नाही. गेल्या हिवाळ्यात तो प्रश्न आमच्या आळीत, फ्रीगंजमध्ये, चक्क तारेच्या पिंजऱ्यात बसून आला. म्हणून हा लेख.

उज्जैन ज्यांनी पाहिले आहे त्यांना फ्रीगंज सांगावयास नको. रेल्वेच्या रुळांच्या एका अंगाला महाकाळाची जुनी नगरी, दुसऱ्या अंगाला सरळ रस्त्यांची, टॉवरच्या घड्याळाभोवती वसलेली ही शिंदेशाहीतील नवी वसाहत. पुढे ओटा, मागे परसू, परसात कडुनिंब अथवा पेरू, अशी मराठी कुटुंबांची घरे येथे पुष्कळ होती. काही अजून आहेत. बहुतेक ठिकाणी खाली दुकान आणि वर तीन मजले झाले आहेत. अशाच एका मजले चढलेल्या घरात जिन्याखाली तो पिंजरा टांगलेला होता.

पोपट २०१६ साली आणलेला. घरच्या आजींची हौस. त्यांनी त्याला अंघोळ घालावी, पूजेच्या वेळी शेजारी ठेवावे, दुपारी त्याच्याशी गप्पा माराव्यात. २०२३ साली आजी गेल्या. मुलाचे दुकान, सुनेची नोकरी, नातवाची शाळा आणि शिकवणी. पोपटाकडे पाहण्यास कोणी उरले नाही. घरातील माणसे दुष्ट मुळीच नव्हेत. वाटीत शिळी पोळी पडत होती, वर एक हिरवी मिरची, कधी चहात बुडविलेले बिस्किट. पण पिंजऱ्याचा तळ आठआठ दिवस साफ होत नसे, आणि जिन्याखाली सूर्याचा किरण पोचत नसे. दिवाळीच्या सुमारास त्याने छातीवरची पिसे उपटण्यास सुरुवात केली. मी पाहिला तेव्हा रुपयाएवढी जागा उघडी पडली होती.

“सर, तुम्हीच घेऊन जा ना ह्याला,” सूनबाई म्हणाल्या. “आई असत्या तर वेगळं होतं. तुमच्याकडे अंगण आहे, वहिनी दिवसभर घरी असतात. आमच्याकडे हा असाच मरून जाईल.”

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, आणि त्या म्हणत होत्या ते खरेच होते. मी ‘घरी विचारून सांगतो’ म्हणालो आणि परत निघालो. तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला, “फूल वाहिलंस?”

हुबेहूब आजींचा आवाज. त्या घरात आता सर्व व्यवहार हिंदीत चालतो. सूनबाई माझ्याशी मराठीत बोलतात ते मास्तरांचा मान म्हणून. नातू मराठी समजतो, बोलत नाही. आजींची मराठी त्या घरात राहिली होती ती ह्या पक्ष्याच्या कंठात. बृहन्महाराष्ट्रातल्या वाचकाला हे निराळे उलगडून सांगण्याची गरज नसावी. मला त्या क्षणी तो पिंजरा उचलून घरी न्यावासा वाटला, हे लपविण्यात अर्थ नाही.

घरी सौ.ने ऐकून घेतले आणि आधी हिशेब मांडला. गृहिणींचा हिशेब आपल्या हिशेबापेक्षा नेहमी लांबचा असतो. “अहो, पोपट किती वर्षं जगतो?” मी म्हणालो, नीट ठेवला तर पंचवीस, क्वचित तीस. “हा नऊ वर्षांचा. म्हणजे अजून पंधरा-वीस वर्षं. तुम्ही छप्पन्न, मी त्रेपन्न. मुलगी इंदूरला शिकतेय, उद्या पुण्याला जाईल नाहीतर आणखी कुठे. आपल्यानंतर हा कोणाच्या जिन्याखाली?” ह्यावर मी काही बोललो नाही. त्या पोपटावर जो प्रसंग आला होता तो एका वृद्धेने प्रेमाने पक्षी पाळला म्हणूनच आला होता, आणि आम्ही दोघे तीच गोष्ट पुन्हा करावयास निघालो होतो.

तरीही प्रश्न संपत नव्हता. न नेला तर तो जिन्याखाली मरणार, हे दिसतच होते. म्हणून त्या आठवड्यात मी जे वाचले, विचारले, ते थोडे वाचकांपुढे ठेवतो.

आपण ज्याला सरसकट पोपट म्हणतो त्याच्या निदान तीन जाती माळव्यात आणि महाराष्ट्रात घरोघर पिंजऱ्यात दिसतात. गळ्याभोवती काळा-गुलाबी पट्टा असलेला तो कंठवाला पोपट, म्हणजेच कीर. लांबी सुमारे चाळीस सेंटिमीटर, त्यातली निम्म्याहून अधिक शेपटीच. वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. हा कंठ फक्त नराला, आणि तोही तिसऱ्या वर्षाच्या सुमारास उमटतो. पिल्ले व माद्या सारख्याच हिरव्या. दुसरा मोठा, पंखाच्या खांद्यावर तांबडा डाग असलेला पहाडी पोपट. इंग्रजीत त्याला शिकंदराचे नाव दिलेले आहे. तिसरा लहानखुरा तुईया, ज्याच्या नराचे डोके पिकल्या जांभळासारखे असते. ग्रीक वैद्य क्टेसिअस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानाविषयी जे लिहिले त्यात बोलणाऱ्या पक्ष्याचे वर्णन आहे. तो हिंदी भाषा बोलतो आणि शिकविल्यास ग्रीकही बोलेल, असे त्याचे म्हणणे. आमच्या आळीतील पोपटाकडे पाहता क्टेसिअसची साक्ष ग्राह्य धरावी लागते.

हे पक्षी थव्याने राहतात. सकाळी थव्याने चरावयास जाणे, संध्याकाळी ओरडत, गोंगाट करीत एखाद्या मोठ्या झाडावर परतणे, हा त्यांचा दिनक्रम. एकटा पोपट ही अवस्था निसर्गात जवळजवळ नाहीच. थव्यातील पक्षी एकमेकांचे आवाज उचलतात, आवाजाने एकमेकांना धरून राहतात. पिंजऱ्यातल्या पोपटाला थवा नसतो. म्हणून तो घरातल्या माणसांना थवा मानतो आणि त्यांचा आवाज उचलतो. आपण ज्याचे कौतुक करतो ते त्याचे बोलणे मुळात सोबतीसाठी मारलेली हाक असते. “फूल वाहिलंस?” ह्या प्रश्नाला आजी उत्तर देत असत. दोन वर्षे तो प्रश्न विचारीत होता आणि उत्तर येत नव्हते. मग त्याने पिसे उपटावयास घेतली, ह्यात नवल ते काय? पिसे उपटण्याची कारणे इतरही असतात. कातडीचे रोग, निकृष्ट आहार, यकृताचा विकार. पण एकलेपणा व कंटाळा ही फार मोठी कारणे आहेत, असे पक्षिवैद्यक सांगते.

येथे शिक्षकाच्या तोंडून एक अवांतर. पाठांतराला आपण पोपटपंची म्हणतो आणि त्यात पोपटाची निंदा करतो. रवींद्रनाथांनी १९१८ साली ‘तोताकाहिनी’ लिहून हा न्याय उलटा केला. राजाने पक्ष्याला शिकवावयाचे ठरविले; सोन्याचा पिंजरा झाला, पंडित आले, पोथ्यांच्या नकला झाल्या, आणि ती पाने चोचीत कोंबता कोंबता पक्षी मेला. शाळा चालविणाऱ्या प्रत्येक माणसाने ही कथा वर्षातून एकदा वाचावी, मी वाचतो. पक्षी मूर्ख नसतो, हे तर आता प्रयोगांनीही दिसले आहे. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग ह्या विदुषीने १९७७ साली आणलेल्या ॲलेक्स नावाच्या आफ्रिकी राखी पोपटाला वस्तूंचे रंग, आकार आणि लहान संख्या ओळखून सांगता येत असत. तो २००७ साली मेला. असो.

खाण्याविषयी आपल्या घरांत जे समज आहेत ते बहुतेक सोडून द्यावेत असे आहेत. मिरची खाल्ल्याने पोपटाची जीभ सुटते, हा त्यातला थोर समज. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना मुळी जाणवतच नाही. म्हणून तो ती आवडीने खातो, इतकेच. मिरचीने अपाय नाही, पण नुसती मिरची आणि पोळी म्हणजे आहार नव्हे. रानातला पोपट धान्य, बिया, फळे, कळ्या, फुलांतील मध असे नाना प्रकारचे खातो. त्याला नुसती सूर्यफुलाची बी घातली तर यकृतावर चरबी चढते, ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले तर नाक, डोळे, घसा यांचे विकार जडतात. हिरव्या पालेभाज्या, गाजर, भोपळा, पेरू, भिजवून मोड आणलेली कडधान्ये, मक्याचे कणीस हे त्याचे खाणे. चहा, मीठ, चॉकलेट आणि तळलेले पदार्थ अजिबात नकोत. गोल पिंजरा नको, एकाच जाडीची गुळगुळीत दांडी नको. पोपटाच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, आणि सतत एकाच जाडीवर बसून तळव्यांना घट्टे व जखमा होतात. कडुनिंबाची ओबडधोबड फांदी सर्वांत बरी. हे लिहितो आहे ते पोपट पाळण्याचे उत्तेजन म्हणून नव्हे. ज्यांच्या घरी तो आजच आहे त्यांनी उद्या काही निर्णय होईपर्यंत निदान एवढे करावे.

आणि एक सावधगिरी. पोपटांपासून माणसांना होणारा एक ज्वर आहे. १९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतून नेलेल्या पोपटांमुळे तो युरोप-अमेरिकेत पसरला होता आणि त्यात माणसे दगावली होती. सुकलेल्या विष्ठेच्या धुळीतून तो फुप्फुसात जातो. तेव्हा आठआठ दिवस न झाडलेला पिंजरा ही पोपटाप्रमाणेच घरातील माणसांचीही हेळसांड आहे. झाडताना आधी पाणी शिंपडावे, नाकातोंडाला फडके बांधावे.

आता कायद्याची बाजू. ह्या बाबतीत सुशिक्षित घरांतही विलक्षण अज्ञान आहे. पोपट म्हणजे कोंबडी किंवा कबूतर अशीच लोकांची समजूत असते. वस्तुस्थिती अशी की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपले देशी पोपट हे वन्यजीव आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे, बाळगणे हे सर्व गुन्ह्यात मोडते. २०२२ साली ह्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. त्यानुसार कंठवाला पोपट पूर्वीच्या चौथ्या परिशिष्टातून दुसऱ्या परिशिष्टात आला आहे. कारावास आणि दंड या दोहोंची तरतूद आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या छत्तीसगडात वनखात्याने पोपटांची विक्री व पालन यांविरुद्ध आदेश काढला तेव्हा कित्येक घरांना हे प्रथमच कळले. याशिवाय १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्याविरुद्धचा कायदा आहे. ज्या पिंजऱ्यात प्राण्याला नीट हालचाल करता येत नाही त्यात त्याला कोंडणे हा त्याखाली गुन्हा आहे. परदेशी जातींचे, दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळणारे छोटे पक्षी किंवा मकाव यांना निराळे नियम लागतात. बाजारातला विक्रेता ह्या दोहोंतला भेद मुद्दाम पुसट ठेवतो.

न्यायालयांनीही ह्यावर बोलून ठेवले आहे. २०११ साली गुजरात उच्च न्यायालयाने आणि २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने पक्ष्यांना पिंजऱ्यात कोंडण्याविरुद्ध मत दिले. आकाशात उडणे हा पक्ष्यांचा मूलभूत हक्क आहे, असे दिल्लीच्या न्यायालयाने म्हटले.

त्याच २०१५ सालची, आपल्या मराठी मुलखातली एक हकीकत अनेकांना आठवत असेल. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका वृद्धेने तक्रार केली की, सावत्र मुलाचा पोपट येताजाता आपल्याला शिव्या देतो, आणि त्याला त्या मुद्दाम शिकविल्या आहेत. ऑगस्ट महिन्यात पोलिसांनी त्या हरियाल नावाच्या पोपटाला पिंजऱ्यासह ठाण्यात बोलाविले. तक्रारदार समोर, पोलीस समोर; पोपटाने चकार शब्द काढला नाही. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी हसून छापली. पुढे काय झाले ते बातमीच्या शेवटच्या ओळीत होते आणि तेच आपल्या कामाचे आहे: पोलिसांनी तो पक्षी वनखात्याच्या स्वाधीन केला. घरगुती भांडणात जो सर्वांत निर्दोष होता, त्याची वाट शेवटी त्या खात्याकडेच गेली.

म्हणजे मी तो पोपट घरी आणला असता तर एका बेकायदा घरातून दुसऱ्या बेकायदा घरात त्याची बदली झाली असती. मी सरकारी शाळेचा मुख्याध्यापक आहे, वन्यजीव सप्ताहात मुलांपुढे भाषण करतो. पण खरे सांगावयाचे तर कायद्याचे भय हे माझ्या मनातले मुख्य कारण नव्हते. तडफडणाऱ्या जिवाला आसरा देण्यासाठी चार लोकांनी आडवाट घेतली तर समाज त्यांना दोष देत नाही, आणि मीही देणार नाही. अडचण दुसरीच होती. पोपट आमच्याकडे येऊन सुखी झाला असता का? पिंजरा मोठा झाला असता, खाणे सुधारले असते, ऊन मिळाले असते. थवा मिळाला नसता. आम्ही दोघे त्याच्या प्रश्नाला उत्तर दिले असते, “वाहिलं रे बाबा,” आणि त्या उत्तराने आमचेच मन भरले असते.

मग निबंधातल्या मुलासारखे दार उघडून द्यावयाचे? आळीतील दोन-तीन तरुणांनी हाच सल्ला दिला, मोठ्या उत्साहाने. पुण्य लागेल, म्हणाले. पिंजऱ्यात नऊ वर्षे काढलेल्या पक्ष्याचे उडण्याचे स्नायू गळून गेलेले असतात. ह्याचे तर एका बाजूचे पंख कातरलेले होते. त्याला अन्न शोधणे ठाऊक नाही, ससाणा ठाऊक नाही, मांजर आणि माणूस यांत कोणाला भ्यावे ते ठाऊक नाही. फ्रीगंजच्या रस्त्यावर तो पहिल्या दिवशी कावळ्यांच्या किंवा कुत्र्यांच्या तावडीत सापडता. कदाचित सापडलाही नसता, कारण कदाचित तो पिंजऱ्यातून बाहेरच पडला नसता. सौ.ने एकदा त्यांच्या बंद खोलीत दार उघडून पाहिले. तो दांडी घट्ट धरून मागे सरकला.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात शुकनळिकेचा दृष्टान्त आहे. पारधी दोरीवर एक नळी ओवून ठेवतात. पोपट तीवर बसला की त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा लोंबकळतो आणि भीतीने नळी आणखी घट्ट धरतो. पाय मोकळेच असतात, पण आपण बांधले गेलो आहोत अशी त्याची खात्री होते. ज्ञानेश्वरांनी तो दृष्टान्त जीवाच्या भ्रमासाठी योजला. एम.ए.ला असताना मी त्यावर चांगली पाच पाने लिहिली होती. परंतु हा पारध्यांचा प्रत्यक्ष उपाय होता, त्यात प्रत्यक्ष पक्षी धरले जात होते, इकडे तेव्हा लक्ष गेले नव्हते. जिन्याखालच्या पोपटाला मात्र भ्रम झालेला नव्हता. दांडी सोडली तर आपण पडू, ही त्याची समजूत कातरलेल्या पंखांमुळे अगदी बरोबर होती.

ह्या सर्व विचारात मला वाट दाखविली ती एका फार जुन्या पोथीने, आणि तिचा संबंध आमच्या गावाशी आहे. मराठीत आपण ‘कादंबरी’ हा शब्द सर्रास वापरतो. तो ज्या ग्रंथावरून आला ती बाणभट्टाची ‘कादंबरी’ सातव्या शतकातली, हर्षाच्या दरबारातल्या कवीची. तिचा नायक चंद्रापीड हा उज्जयिनीचा राजपुत्र. आणि ही सारी कथा सांगतो कोण? तर विदिशेच्या शूद्रक राजापुढे पिंजऱ्यात घालून आणलेला वैशंपायन नावाचा पोपट. त्या पोपटाच्या बालपणीचा प्रसंग बहुतेकांनी शाळेत सारांशाने वाचलेला असतो. विंध्याच्या रानात पंपासरोवराकाठी एका जुनाट सावरीच्या ढोलीत तो पित्यासह राहत असे. शिकाऱ्यांची टोळी गेल्यावर मागे राहिलेला एक म्हातारा शबर झाडावर चढला, ढोल्यांतून पोपट काढून, माना मुरगाळून खाली टाकू लागला. पित्याने पिल्लाला पंखाखाली झाकले. पिता मेला, पिल्लू पाचोळ्यात पडून वाचले. तहानेने व्याकुळ होऊन सरपटत असता जाबाली ऋषींचा पुत्र हारीत स्नानासाठी आला. त्याने पिल्लू उचलले, पाण्याचे थेंब पाजले आणि आश्रमात नेले.

आश्रमातल्या मुनींनी विचारले, हे कोठून आणलेस? हारीताचे उत्तर मी त्या आठवड्यात तीनदा वाचले. त्याचा आशय असा: हे घरट्यातून पडलेले, उन्हात होरपळलेले सापडले. त्या झाडावर चढून ह्याला ढोलीत परत ठेवणे मला जमण्यासारखे नव्हते, म्हणून येथे आणले. जोवर पंख फुटले नाहीत तोवर ह्याने आश्रमातल्या एखाद्या झाडाच्या ढोलीत राहावे, आम्ही सर्वांनी आणलेले नीवाराचे दाणे व फळांचा रस ह्याला मिळेल. पंख आले की जिकडे आवडेल तिकडे जाईल. आमची सवय झाली तर राहीलही.

तेराशे वर्षांपूर्वीच्या ह्या चार वाक्यांत आजच्या एखाद्या पक्षिसुटकाकेंद्राची सगळी रीत आली आहे. प्रथम त्याच्या मूळ ठिकाणी परत ठेवता येते का ते पाहावयाचे. ते अशक्य असेल तरच आणावयाचे. आणल्यावर झाडाची ढोली द्यावयाची. पिंजऱ्याचा तेथे उल्लेखही नाही. खाऊ घालण्याचे काम एकाचे नाही, आश्रमातील साऱ्या मुनिकुमारांचे आहे. मुदत ठरलेली आहे, पंख फुटेपर्यंतची. आणि राहावयाचे की जावयाचे हा निर्णय पक्ष्याचा. सौ.च्या ज्या हिशेबाला माझ्याजवळ उत्तर नव्हते त्याला हारीताजवळ होते, कारण त्याच्यामागे आश्रम होता. आमच्यामागे परसातला एक पेरू होता.

(बाणाने ह्यात गोडवा ओतून ठेवलेला नाही. पुढे पंख आल्यावर तो पोपट उडतो, आणि वाटेत जाळ्यात सापडतो; म्हणूनच तर पिंजऱ्यातून राजापुढे येतो. तेव्हा सोडलेला पक्षी सुरक्षितच राहील अशी हमी त्या काळीही कोणी देत नव्हते.)

आश्रम आज कोठे? त्याचे काम, बरे-वाईट जसे असेल तसे, वनखात्याकडे आहे. वनखात्याकडे दिलेल्या पक्ष्याची पशुवैद्याकडून तपासणी होते. रोगी असेल तर वेगळा ठेवतात. बरा असेल तर मोठ्या जाळीघरात, आपल्या जातीच्या इतर पक्ष्यांबरोबर. कातरलेली पिसे मुळापासून उपटलेली नसतील तर वर्षातून एकदा पिसे झडतात तेव्हा नवी येतात. पंख भरले, उडण्याचा सराव झाला, माणसाची ओढ कमी झाली, तर जेथे त्याच्या जातीचे थवे आहेत अशा ठिकाणी सोडावयाचे. जे सोडण्याजोगे होत नाहीत ते तेथेच किंवा प्राणिसंग्रहालयात राहतात, पण थव्यात राहतात. हे सगळे प्रत्येक वेळी इतके सुरळीत होते असे मी म्हणत नाही. खात्याकडे माणसे कमी, जागा कमी, आणि पोपट ही वाघाच्या मानाने क्षुल्लक बाब. पण जिन्याखालची जागा आणि आमचे अंगण या दोहोंहून ती वाट बरी, असे आम्ही दोघांनी ठरविले.

शेजाऱ्यांना हे पटविण्यास तीन दिवस लागले. सूनबाईंना भय कारवाईचे. “सर, आम्हीच गुन्हेगार ठरू ना?” त्यांचे म्हणणे रास्त होते. मी कार्यालयात नाव न घेता चौकशी केली. स्वतःहून पक्षी देणाऱ्याकडून एक अर्ज घेतात, असे उत्तर मिळाले. खरोखर तेवढ्यावरच काम झाले. पोपट कधी, कसा आला ते अर्जात सरळ लिहिण्याचा सल्ला मी दिला, आणि त्यांनी तो मानला. त्यांच्या यजमानांचा विरोध निराळा होता. ते प्रथम काही बोलत नसत, तिसऱ्या दिवशी ओट्यावर म्हणाले, “आईचा आवाज आहे हो तो.” त्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. सौ.ने मात्र सुचविले, आणि त्यांच्या नातवाच्या, म्हणजे आजींच्या नातवाच्या, मोबाइलवर पोपटाचे बोलणे उतरवून घेण्यात आले. त्यासाठी मुलगा दोन संध्याकाळी पिंजऱ्यापुढे बसला. पोपट गप्प राहिला की तोच आजीची वाक्ये म्हणून दाखवी, म्हणजे पोपट पुढे चालवी. “फूल वाहिलंस?” “पाणी आलं का गं?” “ये, बस.” त्या घरातल्या त्या मुलाला सलग इतके मराठी बोलताना आम्ही प्रथमच ऐकले.

मधल्या काळात पिंजरा जिन्याखालून गच्चीच्या सावलीत आला. दांडीऐवजी कडुनिंबाची फांदी, पोळीऐवजी मोडाचे मूग, पेरूची फोड, पालक. पोळीला सोकावलेल्या पोपटाने पहिले दोन दिवस पालकाकडे ढुंकूनही पाहिले नाही. पेरू मात्र लगेच खाल्ला.

चौथ्या दिवशी वनखात्याचे दोन कर्मचारी आले. एकाने पंख हलकेच उलगडून पाहिला आणि म्हणाला, मुळे शाबूत आहेत, पुढच्या पिसे झडण्याच्या वेळी नवी येतील. छातीवरचे सांगता येत नाही. पिंजऱ्यावर कापड टाकले. मुलाने विचारले, भेटायला येता येईल का. कर्मचारी म्हणाले, एखादे वेळी लांबून पाहता येईल, पण त्याच्याशी बोलायचे नाही, बोलला की त्याला पुन्हा माणसांची सवय लागते. मुलाने मान हलविली. अर्जाची पोच घेऊन सूनबाईंनी ती आजींच्या कागदांत ठेवली.

पिंजरा त्यांनी परत नेलेला नाही. पक्षी खात्याच्या खोक्यात गेला आणि तारेचा पिंजरा जिन्याखालीच राहिला. परवा एका गृहस्थांनी तो भंगारात न घालता आपल्याला द्यावा, म्हणून विचारले. त्यांच्या गावाकडे, म्हणाले, फाल्गुन-चैत्रात ढोलीतली पिल्ले कोणीतरी काढून आणतोच. सूनबाईंनी मला विचारले नाही. नातवाकडून पक्कड मागविली, तारा कापल्या आणि मग भंगारवाल्याला दिल्या.